भिंतीवरचा लॅब्रॅडोर आणि घरातला लॅब्रॅडोर



घरात कुत्रा पाळावा की पाळू नये, हा विषय या सदरात यापूर्वी कधी आला नाही. येण्याचे कारणही नव्हते. आपल्यापैकी बहुतेकांची हयात चाळीत, झोपडपट्टीत नाहीतर दहा बाय बाराच्या खोलीत गेली. माणसालाच रात्री पाय पसरायला जागा नाही, तिथे कुत्र्याचा विचार कोण करणार? गल्लीतला मोत्या दारात येऊन बसला की त्याला शिळ्या भाकरीचा तुकडा टाकायचा, एवढाच आपला आणि कुत्र्याचा संबंध. पण आता दिवस बदलले आहेत. आपली मुले शिकली, नोकरीला लागली, कर्ज काढून का होईना, फ्लॅटमध्ये राहायला गेली. नव्या घराबरोबर नव्या हौशी आल्या. हौस वाईट नाही. पण ज्या हौशीत एका जिवंत प्राण्याचे दहा-बारा वर्षांचे आयुष्य गुंतलेले असते, तिचा विचार चारचौघांनी बसून केला पाहिजे. म्हणून हा प्रपंच.

गेल्या महिन्यात मुलुंडला भाच्याच्या घरभरणीला गेले होते. भाच्याने पंधरा-वीस वर्षे विक्रोळीच्या कन्नमवार नगरात एका खोलीत काढली. आता सातव्या मजल्यावर दोन खोल्या आणि हॉल असा फ्लॅट घेतला आहे. सकाळी वंदना झाली, जेवणे झाली, पाहुणे पांगले. मी हॉलमध्ये सोफ्यावर टेकले. समोरच्या भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर, तिच्या शेजारी राजगृहातला तो जुना कौटुंबिक फोटो. आणि मी बसले होते त्या सोफ्याच्या वरच्या भिंतीवर चांगली तीन फूट रुंदीची, सोनेरी पट्टीची, काच बसवलेली एक फ्रेम. चित्रात तळ्याकाठचे उंच गवत, धुके, आणि पाण्यातून बाहेर येणारा काळाभोर लॅब्रॅडोर कुत्रा. त्याच्या तोंडात एक बदक.

भाच्याने कौतुकाने सांगितले, "मावशी, घाटकोपर स्टेशनजवळच्या फ्रेमवाल्याकडून आणली. काय जिवंत चित्र आहे बघ. डोळे बघ त्याचे."

डोळे खरोखरच बघण्यासारखे होते. शांत, समंजस, मालकाकडे लागलेले.

तेवढ्यात भाच्याची दहा वर्षांची मुलगी माझ्याजवळ येऊन बसली आणि कानात म्हणाली, "आजी, आम्ही असाच कुत्रा खराखुरा आणणार आहोत. बाबांनी पिल्लू बघून ठेवलंय. रविवारी पैसे द्यायचे आहेत."

मी सहज स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिले. भाचेसून हातात भांड्यांचे टोपले घेऊन उभी होती. ती काहीच बोलली नाही. ती फोर्टच्या एका बँकेत नोकरीला आहे. सकाळी सात-दहाची लोकल पकडते आणि रात्री आठला घरात पाऊल टाकते. तिच्या त्या न बोलण्यातच मला सगळे कळले.

मुलीला मात्र गप्प बसवेना. तिने समोरच्या भिंतीवरच्या राजगृहातल्या फोटोकडे बोट दाखवले. "आजी, बाबासाहेबांकडे पण कुत्रा होता ना? तो बघ फोटोत."

तिचे म्हणणे खरे होते. फेब्रुवारी १९३४ मध्ये दादरच्या राजगृहात काढलेला तो फोटो आपल्या कितीतरी घरांत लावलेला असतो. त्यात बाबासाहेब आहेत, माता रमाई आहेत, भय्यासाहेब यशवंतराव आहेत, वहिनी लक्ष्मीबाई आणि पुतणे मुकुंदराव आहेत. आणि त्यांच्याबरोबर बाबासाहेबांचा आवडता कुत्रा टॉबीही आहे. आपण रोज त्या फोटोला हात जोडतो, पण टॉबीकडे आपले लक्ष जात नाही. पोरीचे गेले. आता तिला 'नाही' कसे म्हणावे?

मी म्हणाले, "बाळ, मला रविवारपर्यंत वेळ दे. कुत्र्याची जात म्हणजे काय, ते आधी नीट समजून घेऊ. मग तुझे बाबा ठरवतील." आणि भाच्याला हळूच सांगितले, "तुझे बाबा म्हणजे तुझी आईसुद्धा."

परत येताना मी मुद्दाम घाटकोपरला उतरून त्या फ्रेमवाल्याकडे गेले. भला माणूस आहे. वर्षानुवर्षे आपल्याच वस्तीतल्या लोकांच्या तसबिरी बांधून देतो. मी विचारले, "भाऊ, कुत्र्यांची चित्रे खूप खपतात का हो?" तो म्हणाला, "ताई, धबधबा, सात घोडे, वाघ आणि हा लॅब्रॅडोर. नवीन घर घेतलेली माणसं हेच मागतात. वाघ बघायला चांगला, पण हा कुत्रा बघितला की पोरं हट्ट करतात." मग त्याने कोपऱ्यातली एक जुनी, काचेला तडा गेलेली छोटी फ्रेम दाखवली. वर्तमानपत्रातले कात्रण होते. एक कुत्रा फुलांच्या हारांखाली निजलेला आणि एक पोलीस अधिकारी वाकून त्याला पुष्पचक्र वाहत आहे. "एका हवालदार साहेबांनी दुरुस्तीला टाकलीय," तो म्हणाला. "ओळखलंत का?"

मी लगेच ओळखले. तो झंजीर होता.

नव्या पिढीतल्या वाचकांसाठी झंजीरची हकिगत थोडक्यात सांगते. १२ मार्च १९९३ चा शुक्रवार. दुपारी दीडच्या सुमारास शेअर बाजाराच्या इमारतीत पहिला बॉम्बस्फोट झाला आणि पुढच्या दोन-सव्वादोन तासांत मुंबईत बारा ठिकाणी स्फोट झाले. २५७ माणसे गेली. आपले उपनगरही सुटले नाही. जुहू आणि सहार विमानतळाजवळही स्फोट झाले. माझे यजमान तेव्हा वरळीला कामाला होते. त्या रात्री ते दहा वाजता घरी पोहोचले. तोपर्यंत आमच्या चाळीतल्या बायका आपापल्या दारात उभ्या होत्या. कोणाच्या घरी फोन नव्हता. जिचा माणूस जिन्यात दिसे ती आत जाई, बाकीच्या उभ्याच राहत. ती रात्र मी विसरलेली नाही.

त्यानंतरचे दिवस त्याहून वाईट होते. रस्त्यात स्कूटर उभी दिसली तरी भीती, बेवारस पिशवी दिसली तरी भीती. त्या दिवसांत मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातला एक लॅब्रॅडोर रात्रंदिवस शहरभर फिरत होता. त्याचा जन्म जानेवारी १९९२ चा. पुण्याला सीआयडीच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात त्याचे शिक्षण झाले आणि डिसेंबर १९९२ च्या अखेरीस तो पथकात रुजू झाला. म्हणजे स्फोट झाले तेव्हा तो जेमतेम सव्वा वर्षाचा होता. १९७३ साली आलेल्या गाजलेल्या हिंदी चित्रपटावरून त्याचे नाव ठेवले होते. १५ मार्च १९९३ ला धनजी स्ट्रीटवर उभ्या असलेल्या एका स्कूटरमधली स्फोटके त्याने शोधून काढली. पुढे त्याच्या नावावर जी नोंद प्रसिद्ध झाली ती अशी: ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर, २४९ हातबॉम्ब आणि ६,४०६ जिवंत काडतुसे. यातले थोडे जरी फुटले असते तर किती घरांच्या दारात बायका उभ्याच राहिल्या असत्या, याचा हिशोब कोण करणार? १६ नोव्हेंबर २००० रोजी हाडांच्या कर्करोगाने झंजीर गेला. आठ वर्षांचे आयुष्य. पोलीस खात्याने त्याला इतमामाने निरोप दिला आणि त्याचाच तो फोटो.

त्याच्यामागून आलेल्या कुत्र्यांनीही नाव राखले. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात मॅक्स, सीझर, टायगर आणि सुलतान हे मुंबई पोलिसांचे चार लॅब्रॅडोर कामाला होते. सीएसटी स्टेशनवर अतिरेक्यांनी टाकून दिलेले हातबॉम्ब सीझरने हुडकले. निवृत्तीनंतर या कुत्र्यांची सोय विरारला एका प्राणीप्रेमी बाईंच्या शेतावर झाली. २०१६ या एकाच वर्षात एकामागून एक चौघेही गेले. सर्वांत शेवटी सीझर गेला. सोबती गेल्यावर तो उदास राहू लागला होता, असे त्या वेळी वर्तमानपत्रांत छापून आले होते.

हे सगळे मी रविवारी मुलुंडला जाऊन मुलीला सांगितले. तिचे डोळे चमकले. "म्हणजे आपला कुत्रा पण चोर पकडील?"

इथेच आपल्या लोकांची पहिली चूक होते. लॅब्रॅडोर हा राखणीचा कुत्रा नाही. झंजीरने कोणाला चावून शौर्य गाजवले नाही. तो हुंगत जाई आणि वास सापडला की खूण करी. बॉम्बशोधक कुत्र्याला भुंकायची आणि पंजा मारायची सवय लावत नाहीत. स्फोटकाचा वास आला की शांत बसायचे, असे त्याला शिकवतात. त्याच्या दृष्टीने तो एक खेळ असतो. वास शोधला की मालक शाबासकी देतो, चेंडू देतो, खाऊ देतो. आरडीएक्स म्हणजे काय हे त्या बिचाऱ्याला काय ठाऊक! त्याला ठाऊक असते ते एवढेच की आपला माणूस खूश झाला. माणसाला खूश करण्याची ही जी ओढ, तोच या जातीचा स्वभाव. घरात चोर शिरला तर हा कुत्रा शेपूट हलवत त्याची चप्पल उचलून आणण्याचीच शक्यता जास्त.

मुलगी हसली. मग तिने फ्रेमकडे पाहून विचारले, "आजी, ते बदक मेलेलं आहे का?"

मी म्हणाले, "होय बाळ. ते शिकारीचे चित्र आहे."

तिचा चेहरा उतरला. पण मुलांशी खोटे बोलू नये. हा कुत्रा मुळात कुठला आणि त्याच्या तोंडात बदक का, ते मी तिला सांगितले. तेच इथे लिहिते.

नावात लॅब्रॅडोर असले तरी या कुत्र्याचे पूर्वज कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावरचे. तिथले कोळी थंडगार समुद्रात मासेमारी करीत. जाळ्यातून निसटलेला मासा, पाण्यात पडलेला दोर ओढून आणायला त्यांच्याजवळ काळे, दणकट, पोहणारे कुत्रे असत. एकोणिसाव्या शतकात मासळीच्या जहाजांबरोबर हे कुत्रे इंग्लंडच्या पूल बंदरात आले. तिथल्या सरदार-उमरावांना ते आवडले. त्यांनी त्यांची निवडून पैदास केली ती शिकारीसाठी. मालकाने बंदुकीने पक्षी पाडायचा, कुत्र्याने तो पाण्यातून किंवा झुडपातून उचलून आणायचा. म्हणून याला इंग्रजीत रिट्रिव्हर म्हणतात, म्हणजे परत आणून देणारा. पक्षी चावता कामा नये, दाताचा ओरखडासुद्धा उमटता कामा नये. त्यासाठी ज्यांचे तोंड मऊ, ज्यांचा स्वभाव आज्ञाधारक, असेच कुत्रे पिढ्यान्‌पिढ्या निवडले गेले. १९०३ साली इंग्लंडच्या केनेल क्लबने या जातीला मान्यता दिली. रंग तीन: काळा, पिवळा आणि चॉकलेटी. झंजीर पिवळ्यातला.

आता असल्या चित्रांबद्दल. अमेरिकेत बदकांची शिकार करणाऱ्याला दरवर्षी सरकारचे एक तिकीट विकत घ्यावे लागते. १९३४ पासून ही पद्धत आहे, आणि त्या पैशातून पाणथळ जमिनी विकत घेऊन पक्ष्यांसाठी राखून ठेवतात. त्या तिकिटावर दरवर्षी नवे चित्र असते आणि चित्रकारांमध्ये त्यासाठी मोठी चुरस असते. १९५९ च्या तिकिटावर मेनार्ड रीस या चित्रकाराने काढलेला किंग बक नावाचा काळा लॅब्रॅडोर आला. त्याच्या तोंडात बदक होते. पाडलेला पक्षी वाया जाऊ नये, कुत्र्याने तो शोधून आणावा, हा त्यातला संदेश. किंग बक हा खराखुरा कुत्रा होता. १९५२ आणि १९५३ अशी लागोपाठ दोन वर्षे त्याने तिथली राष्ट्रीय स्पर्धा जिंकली होती. लॅब्रॅडोरच्या तोंडात बदक देण्याची ही रीत तिथल्या शिकारीच्या चित्रांत चांगलीच रुजलेली आहे. आपल्या भाच्याच्या हॉलमधले चित्रही त्याच गोतावळ्यातले.

मुलगी थोडा वेळ विचारात पडली. मग म्हणाली, "म्हणजे कुत्र्याचा दोष नाही. त्याने फक्त आणून दिलं."

मी म्हणाले, "अगदी बरोबर. त्याला माणसाने जे शिकवले ते त्याने केले. एकाने बदक आणायला शिकवले, दुसऱ्याने बॉम्ब शोधायला. म्हणून तर त्याला घरी आणणाऱ्या माणसावर जबाबदारी जास्त."

आता भाच्याकडे वळणे भाग होते. मी विचारले, "पिल्लू किती दिवसांचे आहे?" तो म्हणाला, "विकणारा म्हणतो पाच आठवड्यांचं. लवकर नेलं तर लळा लवकर लागतो, असं त्याचं म्हणणं."

वाचकांनी हे नीट लक्षात ठेवावे. आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकायला २०१७ च्या केंद्र सरकारच्या नियमांनी मनाई आहे. पैदास करणाऱ्याने सरकारदरबारी नोंदणी केलेली असली पाहिजे, असेही ते नियम सांगतात. आईपासून लवकर तोडलेले पिल्लू आजारी पडते आणि स्वभावानेही बिथरते. आई आणि भावंडांत राहूनच ते शिकते की किती जोरात चावले म्हणजे दुखते. जो विक्रेता पिल्लाची आई दाखवत नाही, लसीचे कागद दाखवत नाही, रेल्वे स्टेशनबाहेर किंवा गाडीत पिल्लू आणून देतो म्हणतो, त्याच्याकडून घेऊ नये.

पण वयाचा प्रश्न सुटला तरी बाकीचे प्रश्न उरतातच. मी एकेक करून भाच्यासमोर मांडले.

पहिली गोष्ट व्यायामाची. दिवसभर पाण्यात पोहण्यासाठी घडवलेले हे शरीर आहे. रोज सकाळ-संध्याकाळ मिळून किमान तास-दीड तास चालणे, धावणे त्याला हवेच. ते मिळाले नाही तर तो सोफा फाडतो, चपला चावतो, दार ओरबाडतो. पहिली दोन वर्षे तर तो अंगाने मोठा आणि अकलेने पोर असतो. मग लोक म्हणतात कुत्रा वाईट निघाला. कुत्रा वाईट नसतो, तो रिकामा असतो.

दुसरी गोष्ट खाण्याची. लॅब्रॅडोर खादाड, हे सगळ्यांना माहीत आहे. त्याचे कारण आता कळले आहे. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिले की दर चार लॅब्रॅडोरमागे साधारण एकात एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो. पोट भरल्याचा निरोप त्यामुळे मेंदूपर्यंत नीट पोहोचत नाही. जेवल्यावरही तो भुकेल्या नजरेने बघतो आणि आपण 'बिच्चारा' म्हणून पोळी टाकतो. असा कुत्रा फुगतो, सांधे जातात, धाप लागते. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडोरवर १४ वर्षे चाललेला एक प्रयोग २००२ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या कुत्र्यांना भावंडांपेक्षा पाव हिश्श्याने कमी अन्न दिले होते. ते सरासरी जवळजवळ दोन वर्षे जास्त जगले. म्हणजे लाड करायचा तर ताटातून नव्हे. आणि चॉकलेट, कांदा, द्राक्षे, मनुका तर कुत्र्याला विषासारख्या. आपल्या सणासुदीच्या घरात हे सगळे हाताशीच असते.

तिसरी गोष्ट हवेची. त्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात, बर्फाळ पाण्यासाठी. माणसासारखा घाम त्याला सर्वांगाला येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणे, हाच त्याचा पंखा. मुंबईच्या मे महिन्यात दुपारी त्याला डांबरी रस्त्यावर नेणे म्हणजे छळ. केस तर वर्षभर गळतात. ते रोज विंचरावे लागतात, रोज झाडावे लागतात. पावसाळ्यात गोचिडी होतात. साचलेल्या पाण्यातून लेप्टोचा धोका असतो, माणसालाही आणि कुत्र्यालाही. त्याची लस आहे, ती दरवर्षी टोचून घ्यावी. रेबीजची लस तर हवीच आणि महापालिकेचा परवानाही काढावा. आजारी पडला तर खासगी डॉक्टरांचा खर्च परवडतोच असे नाही. परळचे बैलघोडा हॉस्पिटल आहे, पण मुलुंडहून ३०-३५ किलोचा आजारी कुत्रा परळला नेणार कसा, याचाही विचार आधी करावा.

चौथी गोष्ट एकटेपणाची, आणि माझ्या मते सर्वांत मोठी. ज्या प्राण्याचा सगळा स्वभावच माणसाजवळ राहण्याचा, त्याला सकाळी साडेसहा ते रात्री आठ बंद फ्लॅटमध्ये ठेवायचे? फ्रेममधले ते समंजस डोळे दिवसभर दाराकडे लागलेले असतील. आणि वाईट याचे की असे कुत्रे मग लोक सोडून देतात. आमच्या घाटकोपरलाच मी दोन वेळा पाहिले आहे. गळ्यात पट्टा, अंग हाडाडलेले, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक माणसाच्या मागे थोडे अंतर जायचे आणि परत फिरायचे. गल्लीतला मोत्या रस्त्यावर जन्मतो, त्याला रस्ता कळतो. लॅब्रॅडोरला कळत नाही. तो वाटच बघत राहतो.

भाचा गप्प झाला. मग म्हणाला, "मावशी, पण सोसायटीवाले काही म्हणणार नाहीत. मी विचारलंय." मी म्हणाले, "सोसायटीला कुत्र्याला बंदी घालताच येत नाही. प्राणी कल्याण मंडळाने २०१५ मध्येच तसे स्पष्ट केले आहे. सोसायटीचा प्रश्नच नाही रे. तू घरात विचारलेस का?"

तेव्हा कुठे भाचेसून बोलली. आवाज न चढवता बोलली. "मावशी, मला कुत्रा आवडतो. माहेरी आमच्याकडे होता. पण पहाटे पाचला उठून डबे कोण करतं? केस कोण झाडणार? त्याने रात्री उलटी केली तर कोण उठणार? हे म्हणतात सगळे मिळून करू. मुलगी लहान होती तेव्हापण सगळे मिळूनच करणार होतो."

खोलीत कोणीच काही बोलेना.

भगिनींनो, हे वाक्य माझ्या मनातून जाईना. आपण समतेच्या गोष्टी सभेत ऐकतो. पण घरात नवे काम आले की ते आपोआप कोणाच्या पदरात पडते? हौस नवऱ्याची, हट्ट मुलीचा, आणि राबणे आईचे. यात तिचा दोष नाही आणि कुत्र्याचा तर अजिबात नाही. पण राबून कातावलेली बाई त्या मुक्या जीवावर खेकसते आणि मग सगळे तिलाच निर्दय म्हणतात.

भाचा मनाने चांगला आहे. त्याने मान खाली घातली. बऱ्याच वेळाने म्हणाला, "पैसे देत नाही आज." मुलीच्या डोळ्यांत पाणी आले.

मग तोडगा भाचेसुनेनेच काढला. त्यांच्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर एक निवृत्त जोडपे राहते. त्यांच्याकडे नऊ वर्षांची पिवळी लॅब्रॅडोर आहे. आजोबांचे गुडघे दुखतात, तिला फिरवणे त्यांना जमत नाही. बाप-लेकीने रोज सकाळी सहाला उठून तिला फिरवून आणायचे. तिची घाण कागदाने उचलायची. परत आल्यावर पाय पुसायचे, रविवारी केस विंचरायचे. पावसाळाभर हे एकही दिवस न चुकवता जमले, तर दिवाळीनंतर पुन्हा बसून बोलायचे. आणि तेव्हा घ्यायचाच झाला तर दुकानातले पिल्लू नाही. कोणीतरी सोडून दिलेला, मोठा झालेला, स्वभाव कळलेला कुत्रा घ्यायचा. ही अट मुलीने घातली. मी सुचवलेली नाही.

आता सहा आठवडे झाले आहेत. परवा मुलीचा फोन आला. पहिल्या आठवड्यात बाबा दोनदा झोपून राहिले, तेव्हा ती एकटी जाऊ शकत नाही म्हणून आजोबा लंगडत खाली आले. ते पाहून बाबांना लाज वाटली. त्यानंतर खाडा नाही. चौथ्या मजल्यावरची ती म्हातारी कुत्री आता पावणेसहालाच दाराशी जाऊन बसते म्हणे. तोंडात आजोबांची चप्पल धरून. आणि चपलेवर दाताचा एकही ओरखडा नसतो.

"आजी," ती म्हणाली, "आई पण काल आली आमच्याबरोबर. रविवार होता म्हणून."

त्यांच्याकडे दिवाळीनंतर काय ठरेल ते मला सांगता येणार नाही. कुत्रा आला तरी मला आनंद आणि नाही आला तरी वाईट वाटणार नाही, कारण त्या घरात काम वाटून घ्यायला सुरुवात झाली आहे.

फ्रेम घरात लावायला माझी काही हरकत नाही. चित्र सुंदर आहे. त्याला खायला लागत नाही, फिरवायला लागत नाही, ते आजारी पडत नाही. ज्यांच्या घरात दिवसभर माणूस नाही, त्यांनी खुशाल चित्रावर भागवावे, त्यात कमीपणा नाही. पण जिवंत कुत्रा आणायचा असेल तर राजगृहातला तो फोटो पुन्हा एकदा नीट बघा. त्यात टॉबी घरच्या माणसांबरोबर आहे. घरच्यांच्या फोटोत ज्याला जागा द्यायची तयारी आहे, त्यालाच घरात आणावे.

आपल्या वस्तीत, आपल्या इमारतीत असा एखादा म्हातारा किंवा सोडून दिलेला कुत्रा असेल, तर मुलांना घेऊन त्याच्याकडे जा. रोज अर्धा तास. आणि जाण्यापूर्वी घरातल्या बाईला विचारा, आज तुझे कोणते काम आम्ही करून जाऊ?